वीजबचतीचे बक्षीस कोणाला, उकाडा कोणाला?

(मस्कत येथे मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

मागच्या बैठकीत हवामानबदलावर चर्चा झाली, तेव्हा शेवटी एक प्रश्न अर्धवट राहिला. सरकारने किंवा कंपनीने बक्षीस दिले, सवलत दिली, तर लोक घरातली वीज वाचवतील का? काही जण म्हणाले, पैशाशिवाय माणूस हलत नाही. काही जण म्हणाले, पैसा मध्ये आला की माणूस चांगुलपणा विसरतो. वेळ संपला आणि विषय माझ्या गळ्यात पडला. मी वातानुकूलनाच्या क्षेत्रात काम करतो. अर्थशास्त्र माझा विषय नाही, पण या देशात इमारती थंड ठेवण्यावर माझे पोट चालते, त्यामुळे या प्रश्नाशी रोजचा संबंध येतो.

माझा मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. बचतीची योजना आखणारा यंत्राचा हिशेब करतो, पण योजनेला प्रतिसाद देतो माणूस, आणि तोही आपल्या हातात जे बटण असेल ते दाबून. म्हणून कोणत्याही योजनेबद्दल दोन प्रश्न विचारावेत: बटण कोणाच्या हातात आहे? आणि उकाडा कोणाच्या वाट्याला येतो?

जुनी शंका

ही शंका फार जुनी आहे. १८६५ साली विल्यम स्टॅनली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या कोळशावर एक पुस्तक लिहिले. वॅटच्या सुधारलेल्या इंजिनामुळे कमी कोळशात तेच काम होऊ लागले होते. मग कोळसा कमी खपायला हवा होता. झाले उलटेच. इंजिन चालवणे स्वस्त पडू लागल्यामुळे ते जागोजागी बसले आणि कोळशाचा एकूण खप वाढला. यालाच पुढे घरगुती विजेच्या संदर्भात 'रिबाउंड इफेक्ट' म्हणू लागले. आपण त्याला 'उसळी' म्हणू. चेंडू खाली टाकला की थोडा वर येतो, तशी वाचलेली वीज थोडी परत वापरली जाते.

थोडी म्हणजे किती? ब्रिटनच्या ऊर्जा संशोधन केंद्राने २००७ साली उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. श्रीमंत देशांत घर गरम किंवा थंड ठेवण्याच्या बाबतीत ही थेट उसळी साधारणपणे ३० टक्क्यांपेक्षा कमी, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे शंभर युनिट वाचायची असतील तर निदान सत्तर वाचतात. 'कार्यक्षम यंत्रे आणून उपयोग काय, लोक जास्तच वापरणार' असे जे सरसकट म्हटले जाते, ते घरांच्या बाबतीत खरे नाही.

पण सरासरीच्या आत फार मोठे फरक लपलेले असतात. मेक्सिको सरकारने २००९ ते २०१२ या काळात सुमारे १९ लाख घरांतले जुने फ्रिज आणि एसी अनुदान देऊन बदलले. जुने यंत्र किमान दहा वर्षांचे आणि चालू स्थितीत असावे, ते परत द्यावे, अशा अटी होत्या. पुढे डेव्हिस, फुक्स आणि गर्टलर या तिघा अभ्यासकांनी प्रत्यक्ष बिले तपासली. फ्रिज बदललेल्या घरांत वापर ८ टक्क्यांनी घटला, पण आधी वर्तवलेल्या बचतीच्या मानाने ही घट साधारण चौथा हिस्सा होती. एसी बदललेल्या घरांत वापर चक्क वाढला. नवा एसी चालवायला स्वस्त होता, म्हणून तो जास्त तास चालला.

येथे आमच्या इंजिनियर मंडळींच्या अंदाजांबद्दलही बोलले पाहिजे, कारण सगळा दोष माणसाच्या स्वभावावर ढकलणे सोयीचे असते. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात कमी उत्पन्नाच्या घरांना फुकट इन्सुलेशन आणि नवी भट्टी देण्याच्या योजनेचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. अंदाजित बचत प्रत्यक्ष बचतीच्या तिपटीहून अधिक निघाली. लोकांनी घर जास्त गरम ठेवले म्हणावे, तर तसाही पुरावा मिळाला नाही. अंदाजच फुगलेला होता. शिवाय घरोघरी जाऊन, फोन करून सांगितल्यावरही फुकटची योजना घेणारी कुटुंबे सुमारे ६ टक्केच निघाली. अर्ज भरणे, कागद जमवणे, घरात माणसे शिरू देणे, या त्रासाची किंमत आमच्या तक्त्यात नव्हती.

आपल्याकडे 'उजाला' योजना जानेवारी २०१५ मध्ये सुरू झाली आणि ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वाटले गेले. सरकारी खरेदीत दिव्याची किंमत २०१४ मधल्या ३१० रुपयांवरून २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आली. ही मोठीच कामगिरी आहे. पण वर्षाला ४,७०० कोटींहून अधिक युनिट वाचतात हा आकडा मीटर वाचून काढलेला नाही. दिवे गुणिले वाचलेले वॉट गुणिले रोजचे गृहीत तास, असा तो आहे. त्यातला एखादा दिवा पूर्वी अंधार असलेल्या गोठ्यात लागला असेल, एखादा परसात, एखादा पोरांच्या अभ्यासाच्या कोपऱ्यात. हिशेबात ही गळती ठरते. त्या घराच्या दृष्टीने तो उजेड आहे.

आपल्या भोवतालचे चित्र

आता ओमानकडे येतो. येथे घरगुती विजेचा दर अनेक वर्षे पहिल्या ३,००० युनिटांना १० बैसा होता. पुढे १५, २०, २५ आणि १०,००० युनिटांनंतर ३० बैसा. बाकीचा खर्च सरकार उचलत असे. मोठ्या सरकारी, व्यापारी आणि औद्योगिक ग्राहकांना २०१७ पासून खर्चाधारित दर लागू झाला. घरगुती अनुदान जानेवारी २०२१ पासून टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले.

दहा बैसाच्या त्या काळाचे गणित मांडू. दीड टनाचा जुना विंडो एसी ताशी १.८ युनिट घेतो आणि रोज दहा तास चालतो असे धरा. महिन्याला ५४० युनिट झाली. नव्या एसीने त्यातली एक तृतीयांश वाचली, म्हणजे १८० युनिट. त्याचे पैसे झाले १ रियाल ८०० बैसा. उन्हाळ्याचे सात महिने धरले तरी वर्षाला साडेबारा रियाल. नव्या एसीची किंमत शंभर रियाल धरली तर ती वसूल व्हायला आठ वर्षे. आपण इतकी वर्षे येथे राहू की नाही याचीच खात्री नसते, आणि घरही भाड्याचे. मग 'लोकांना पर्यावरणाची जाणीव नाही' असे म्हणण्यात काय अर्थ? दराने जे सांगितले ते लोकांनी बरोबर ऐकले.

दुसरी गोष्ट कंपनी बिल भरते तेव्हाची. त्याचे दोन प्रकार आपल्याला माहीत आहेत. एका प्रकारात कंपनी ठरावीक मर्यादेपर्यंत बिल भरते. दुसऱ्या प्रकारात भत्ता पगारात रोख मिळतो आणि बिल आपले आपण भरायचे. पहिल्या प्रकारात मर्यादा हाच हक्क होतो. 'चाळीस रियाल आपलेच आहेत, का सोडा?' जुलैत गावी जाताना एसी चालू ठेवून जाणारी घरे बहुतेक याच प्रकारातली. दमट हवेत सामानाला बुरशी येऊ नये म्हणून कोणी २८ अंशांवर ठेवतो ते मी समजू शकतो. पण २२ अंशांवर दीड महिना? तीच माणसे रोख भत्त्यावर गेली की जाण्यापूर्वी मेन स्विचपर्यंत जातात. माणूस तोच, फक्त वाचलेला रियाल कोणाच्या खिशात पडतो हे बदलले.

तिसरी गोष्ट टप्प्यांची. जिथे पहिला टप्पा स्वस्त असतो तिथे घर एक आणि मीटर दोन करण्याचा मोह होतो. दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटांपर्यंत वीज फुकट झाली, तिथे हे गणित शाळकरी मुलालाही सुटते. ओमानच्या नव्या दररचनेत नागरिकांच्या पहिल्या दोन जोडण्यांनाच सवलतीचा दर आहे. आकडे मोजण्याची जागा जिथे ठरते, तिथे माणसे आपला संसार त्या जागेप्रमाणे कापून घेतात.

चौथी गोष्ट सौरऊर्जेची. येथे २०१७ पासून 'साहिम' योजनेत छपरावर पॅनेल लावून जादा वीज विकता येते. भारतात फेब्रुवारी २०२४ पासून 'पीएम सूर्यघर' योजनेत अनुदान मिळते. अमेरिकेत वाळवंटातल्या फिनिक्स शहरात असा अभ्यास झाला आहे. तिथली हवा बरीचशी आपल्यासारखीच. छपरावर शंभर युनिट तयार झाली की घराचा एकूण वापर सुमारे १८ युनिटांनी वाढतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात आढळले. म्हणजे बाकीची ८२ खरोखर वाचली. पॅनेल लावावेतच, फक्त जाहिरातीतल्या शंभरावर विसंबू नये.

पैसा आणि शेजारी

आता मागच्या वेळच्या वादाकडे वळतो. पैसा दिल्याने माणसाची सद्भावना खरेच मरते का?

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांचा प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. तो २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. बाईंना ताटकळत ठेवल्याची जी लाज होती, तिची जागा दंडाने घेतली. पैसे भरले, प्रश्न मिटला. दंड काढून टाकल्यावरही उशीर पूर्वीच्या पातळीवर आला नाही. गेलेली लाज परत आली नाही.

विजेच्या बाबतीत याहून जवळचे उदाहरण दिल्लीच्या परिसरातले आहे. अनंत सुदर्शन यांनी तिथल्या निवासी संकुलांतल्या कुटुंबांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. काही घरांना दर आठवड्याला एक पत्रक मिळे: तुमचा वापर इतका, तुमच्यासारख्या शेजाऱ्यांचा इतका. एवढ्यानेच उन्हाळ्यातला वापर ७ टक्क्यांनी घटला. दुसऱ्या गटाला तेच पत्रक दिले आणि सोबत बचतीसाठी पैशाचे प्रोत्साहनही दिले. सामान्य बुद्धी म्हणते, दोन्ही मिळून बचत जास्त होईल. प्रत्यक्षात या गटात उल्लेखनीय घट झालीच नाही. 'शेजाऱ्यांपेक्षा आपण उधळे' हा बोचरा विचार जाऊन 'एवढ्याशा पैशांसाठी कोण उकाड्यात बसणार' हा व्यवहारी विचार आला असावा, असे मला वाटते.

शेजाऱ्यांशी तुलनाही निर्धोक नाही. कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरासरी कळल्यावर जास्त वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण कमी वापरणाऱ्यांनी वाढवला. आपण उगाच काटकसर करत होतो, असे त्यांना वाटले. मग पत्रकावर काटकसर करणाऱ्यांसाठी एक हसरा चेहरा काढला, आणि ही वाढ थांबली. शाबासकी लागते, मित्रहो, आणि ती फुकट असते.

बटण कोणाच्या हातात

आतापर्यंतच्या उदाहरणांत वापरणारा आणि बक्षीस घेणारा एकच होता. आता ज्यासाठी मी हे भाषण स्वीकारले ते सांगतो. त्यात हे दोघे वेगळे आहेत.

मस्कतबाहेर एका ठेकेदाराची कामगार वसाहत आहे. नाव सांगत नाही, कारण हे कोठेही घडू शकते. एका खोलीत सहा ते आठ माणसे, खोलीला एक विंडो एसी. व्यवस्थापनाने एक योजना काढली. बिल मागच्या वर्षापेक्षा जितके कमी येईल, त्यातला हिस्सा कॅम्प बॉसला वार्षिक बक्षीस. पहिल्याच उन्हाळ्यात बिल घसघशीत उतरले. मुख्य कार्यालयात त्या वसाहतीचा आदर्श म्हणून उल्लेख झाला.

मला बोलावले गेले ते दुसऱ्याच कारणाने. एसीचे कॉम्प्रेसर एकामागून एक जळत होते. जाऊन पाहिले तर प्रकार असा होता. दिवसपाळीची माणसे पहाटे बसमध्ये बसली की कॅम्प बॉस खोल्यांचा मुख्य स्विच बंद करी. पण त्याच खोल्यांत रात्रपाळीची माणसेही राहत. सफाई कामगार, पहारेकरी. ती सकाळी परत येऊन झोपणार. जूनच्या दुपारी पत्र्याच्या छपराखाली. काही जण जेवणघरातल्या बाकांवर झोपत, काही जण मशिदीच्या सावलीत. काहींनी चोरून वायर ओढली होती. एकेका तारेवर तीन-तीन एसी. व्होल्टेज पडे, कॉम्प्रेसर चालू-बंद होत आणि जळत. त्या कॉम्प्रेसरांचा खर्च दुरुस्तीच्या खात्यात पडत होता. बचत विजेच्या खात्यात दिसत होती.

कॅम्प बॉसला खलनायक ठरवणे सोपे आहे. तो केरळचा एक साधा माणूस, मुलीच्या लग्नाचे कर्ज डोक्यावर. छपराला इन्सुलेशन करणे, खिडक्यांच्या फटी बुजवणे, फिल्टर वेळेवर धुणे, हे वीज वाचवायचे खरे मार्ग होते. पण त्यासाठी त्याच्याकडे ना पैसा होता ना माणसे. त्याच्या हातात एकच गोष्ट होती, तो स्विच. त्याने तो वापरला. योजनेने त्याला जे मागितले तेच त्याने दिले.

ओमानमध्ये जून ते ऑगस्ट दुपारी साडेबारा ते साडेतीन उघड्यावर काम करवून घेण्यास मनाई आहे. उन्हात राबणाऱ्याचा उकाडा कायद्याने ओळखला आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण दिवसा झोपणाऱ्या रात्रपाळीच्या माणसाचा उकाडा त्या बिलाच्या कागदावर कोठेच नव्हता. बिल कमी झाले आणि वीज वाचली, ही दोन वाक्ये एक नाहीत. पहिल्या वाक्यात कोणाची झोप गेली हे दिसत नाही.

पुढे व्यवस्थापनातल्या एका समंजस अधिकाऱ्याने तीन बदल केले. रात्रपाळीच्या माणसांना एकाच इमारतीत एकत्र आणले, छपरावर इन्सुलेशन घातले, आणि बक्षिसाला खोलीच्या तापमानाची अट जोडली. पहिल्या वर्षाएवढी घट पुन्हा दिसली नाही. ती खरी नव्हतीच.

मग काय करावे?

या सगळ्यातून 'प्रोत्साहने वाईट' असा निष्कर्ष मी काढत नाही. माझे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला: गरज आणि चैन वेगळी मोजावी. आधी फक्त रात्री एसी लावणारे कुटुंब नवा एसी आल्यावर दुपारीही लावू लागले, तर ती उसळी योजनेचे अपयश नाही. आजारी म्हाताऱ्याला दुपारची झोप मिळाली, हे त्या अनुदानाचे फळ आहे. आपल्या फ्लॅटमध्ये मुळात सगळे २१ अंशांवर असते, तिथे उसळीला जागाच कमी. म्हणून काटकसरीचा उपदेश आधी आपल्याला लागू होतो. ब्राझीलने २००१ च्या टंचाईत घरांना २० टक्के कपात सांगितली, पण महिन्याला १०० युनिटांपर्यंत वापरणाऱ्या घरांना त्यातून वगळले. बाकीच्यांनी कपात करून दाखवली, आणि देश काळोखात न जाता फेब्रुवारी २००२ पर्यंतचे नऊ महिने निभावले.

दुसरा: सगळ्यांनी मिळून करायच्या गोष्टीला रोख बक्षीसच लागते असे नाही. महाराष्ट्रात २००५ च्या सुमारास भारनियमनाच्या दिवसांत 'अक्षय प्रकाश' योजना आली. संध्याकाळी गावाने दिवे, पंखा, टीव्ही एवढेच वापरायचे, पंप आणि शेगड्या बंद, आकडे काढून टाकायचे. त्या बदल्यात अंधार नाही. बक्षीस कोणा एकाला नव्हते, साऱ्या गावाला होते. शेजाऱ्याने पंप लावला तर आपला दिवा जाणार हे दिसत असल्यामुळे गावच गावावर लक्ष ठेवी.

तिसरा: जिथे बटणापाशी माणूस विचार करत नाही, तिथे ते आधीच योग्य जागी ठेवावे. भारतात १ जानेवारी २०२० पासून तारांकित एसी सुरू होतो तो २४ अंशांवर. ज्याला कमी हवे तो कमी करू शकतो. कोणावर सक्ती नाही, कोणाला लाचही नाही.

चौथा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा: बचतीचा आकडा सादर करताना शेजारी खोलीचे तापमान लिहावे. आपल्यापैकी अनेक जण अशा जागांवर आहेत जिथे हा अहवाल त्यांच्या सहीने पुढे जातो. कोणी इमारतींची देखभाल पाहतो, कोणी मनुष्यबळ विभागात आहे, कोणी हिशेब तपासतो. बिल अचानक उतरलेले दिसले की अभिनंदनाच्या पत्राआधी एकदा दुपारी दोन वाजता त्या खोलीत जाऊन उभे राहावे. आणि आपल्या घरात मदतनीस किंवा ड्रायव्हर राहत असेल, तर त्यांच्या खोलीतल्या एसीचे बटण त्यांच्याच हातात आहे ना, हेही पाहावे.

माणूस स्वार्थी की सज्जन, हा वाद आपण पुढेही घालू. पण योजना आखताना तो सुटण्याची वाट पाहावी लागत नाही. ज्याला झळ बसते त्याला विचारले, तरी निम्म्या चुका टळतात.

पुढच्या बैठकीसाठी माझी एक सूचना आहे. आपापल्या कंपनीत वीजबिलाची पद्धत काय आहे आणि कामगारांच्या खोल्यांतले स्विच कोणाच्या ताब्यात आहेत, एवढी माहिती प्रत्येकाने आणावी. नावे नकोत, पद्धत पुरे. त्यावरून व्यवस्थापनांना देण्यासारखे एक पानी टिपण आपण तयार करू शकू.

आता प्रश्न विचारावेत.